विसर्जन न जाणणारा दाह

चैत्रातील एका दुपारी गोंदियाच्या एका रुग्णालयात डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर संगणकाचा पडदा वळवला आणि माझे स्वतःचे मोठे आतडे मला दाखवले. भिंत लालभडक होती, ठिकठिकाणी पांढरट व्रण होते, आणि नळीच्या टोकाचा स्पर्श होताच तेथून रक्त झिरपत होते. "गुरुजी, ही मूळव्याध नाही," त्या म्हणाल्या. "याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि व्रण होतात. हा आजार आवरता येतो. कायमचा जाईल असं मी सांगणार नाही."

माझे वय तेव्हा अडुसष्ट होते. आयुष्यभर मी माध्यमिक शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर दवनीवाड्याजवळच्या आमच्या गावी राहून चातुर्मासात मंदिरात पोथी सांगतो. ज्यांना हा आजार झाला आहे किंवा ज्यांच्या घरात कोणी या आजाराने पीडित आहे, त्यांच्यासाठी हा वृत्तांत लिहीत आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती वगळली तर बाकीचे लिहिण्यात अर्थ उरत नाही.

प्रथम लक्षण माघात दिसले होते. शौचावाटे रक्त आणि चिकट आव पडत असे, आणि पोट साफ झाले असे वाटतच नसे. मी त्याला मूळव्याध समजलो, कारण माझ्या वडिलांना ती होती. सालेकशाकडच्या एका नातलगाने जंगलातून कुड्याची साल आणून दिली. तिचा काढा दीड महिना घेतला. रक्त थांबले नाही. वजन सात किलोने उतरल्यावर पत्नीने, सुशीलेने, दवाखान्याची गोष्ट पुन्हा काढली आणि या वेळी मी ती मानली.

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गाने दुर्बीण घालून आतडे पाहणे. या तपासणीचे भय बाळगू नये. आदल्या दिवशी पोट रिकामे करणारे औषध पिणे हा तिचा सर्वांत कठीण भाग आहे. प्रत्यक्ष तपासणीत गुंगीचे औषध देतात. आतड्याचा सूक्ष्म तुकडाही काढतात. त्याची परीक्षा म्हणजे बायोप्सी. तिचा निर्णय आठ दिवसांनी आला आणि निदान पक्के झाले.

या आजाराचे मूळ मला डॉक्टरबाईंनी फार शांतपणे समजावले. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, आणि त्यांच्या व आपल्या देहाच्या मध्ये पेशींचा एकच पातळ थर असतो. थराच्या पलीकडे रक्षक पेशी असतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर, म्हणजे जिवाणूंच्या खुणा ओळखणारी ग्रहणस्थाने असतात. घातक जिवाणू थर ओलांडू लागला की या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. हे देहातले निरोप होत. ते पोचले की आणखी पेशी धावून येतात, ताप येतो, सूज येते आणि जिवाणू मारला जातो. त्यानंतर दुसऱ्या प्रकारचे निरोप निघतात. त्यांचा आशय एवढाच, की काम झाले, आता परत फिरा.

"तुमच्या आतड्यात पहिला निरोप निघतो," त्या म्हणाल्या. "परत फिरण्याचा निरोप मात्र नीट पोचत नाही. तो कमी पडतो की कोणी ऐकत नाही, हे आम्हालाही पूर्ण ठाऊक नाही. थोडं आनुवंशिक असतं, थोडं बाहेरच्या परिस्थितीचं, थोडं आतल्या जिवाणूंच्या समतोलाचं."

मी म्हणालो, "पूजेत देवतेचे आवाहन केले की शेवटी विसर्जनही करावे लागते. ते राहिले तर पूजा अपुरी."

"असंच समजा. आवाहन होतं, विसर्जन होत नाही. आणि पूजेचा अग्नी घरालाच लागतो."

मला दोन औषधे मिळाली. मेसालामाइन आतड्याच्या अस्तरावर काम करून दाह शमवते आणि ते दीर्घकाळ घ्यायचे असते. स्टेरॉइड सर्वच निरोपांचा आवाज खाली आणते. ते आठवड्यागणिक कमी करत नेऊन थांबवायचे असते, एकदम कधीही सोडायचे नसते. ज्येष्ठाच्या अखेरीस रक्त बंद झाले. आषाढात स्टेरॉइड संपले. मी पुन्हा मंदिरात बसून पोथी सांगू लागलो.

येथे माझ्या एका नियमाविषयी सांगणे आवश्यक आहे. पाठशाळेतील अध्ययन पूर्ण झाले तेव्हा मी गुरूंसमोर नियम घेतला, की पिण्याचे पाणी स्नानोत्तर स्वहस्ते विहिरीतून काढलेले असेल तेवढेच घ्यायचे. अन्न कोणीही शिजवावे, पिण्याचे पाणी माझे मी काढावे. शाळेत जाताना तांब्याच्या कलशातून पाणी नेत असे. सहकारी शिक्षक त्यावर विनोद करत. परगावी मुक्काम असला तर मी तेथे विहीर शोधत असे. घरी परसदारी आमची स्वतःची विहीर होती, त्यामुळे नियम सुखाने पाळला गेला.

भाद्रपदाच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे थंडी वाजून ताप भरला. दुपारपर्यंत नऊ वेळा शौचास जावे लागले. दुसऱ्या दिवशी त्यात रक्ताशिवाय काहीच नव्हते. धाकटा भाऊ देवराव शेजारीच राहतो आणि आमच्या दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, तोच पाहतो. त्याने मला गाडीत घालून गोंदियाला नेले.

प्रवेशाच्या दिवशी रक्ताच्या अनेक तपासण्या झाल्या. सीआरपी हा देहातील दाहाचा निर्देशक फार वाढला होता. शौचातील कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यात जमलेल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेले प्रथिन, तेही वाढलेले होते. माझ्यासारख्या रुग्णाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे दोन्ही आकडे जिवाणूसंसर्गातही वाढतात आणि मूळ आजार उसळला तरी वाढतात. दाह आहे एवढे ते सांगतात. कशाने, ते सांगत नाहीत. त्यासाठी स्टूल कल्चर करावे लागते, म्हणजे शौचातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे. त्याला दोन-तीन दिवस लागतात.

आतडे इतके सुजले होते की तेवढे दिवस थांबणे शक्य नव्हते. शिरेतून स्टेरॉइड सुरू झाले. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. साल्मोनेला नावाचा जिवाणू सापडला होता. दूषित अन्न किंवा पाणी यांतून तो पोटात जातो. लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झाले आणि चौथ्या दिवशी ताप उतरला.

आता मी त्या चुकीकडे येतो.

पहिले तीन दिवस मी रुग्णालयातील यंत्राने शुद्ध केलेले पाणी प्यालो, कारण शुद्धीत असूनही मला नियमाची आठवण नव्हती. ताप उतरताच ती झाली. शेहेचाळीस वर्षे पाळलेला नियम मोडल्याचे दुःख मला आजारापेक्षा अधिक झाले, हे मी आज संकोचाने सांगतो. मी देवरावास म्हटले, स्नान करून माझ्या विहिरीचे पाणी काढ आणि रोज आण. सहोदर भावाचा हात तो माझाच हात, अशी मी मनाची समजूत घातली.

"आणीन ना दादा," तो म्हणाला. "मोटारसायकलनं रोज येतोच तर. पण इथलं पाणी काऊन नाही चालत? इथं तर मशीन आहे."

"तू आण," मी म्हणालो. "आणि हे डॉक्टरांना सांगू नकोस."

तो दूध नेण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पाणी आणी आणि मी ते कलशात ओतून पीत असे. तांब्याच्या पात्रात पाणी शुद्ध होते, असे मी स्वतःला सांगत होतो. पुढे डॉक्टरबाईंनी सांगितले, की तांबे जिवाणू मारते हे खरे, पण त्याला अनेक तास लागतात. ओतून लगेच पिण्याने काहीही साधत नाही.

शेजारच्या खाटेवर एक तांदळाचे व्यापारी होते. त्यांचे पित्ताशयाचे खडे काढले होते. रोज डबा आला की ते म्हणत, "पंडितजी, गंगाजल आ गया आपका." मी त्यांनाही गप्प राहण्याची विनंती केली. ते हसून म्हणाले, "हमको क्या जी, हम तो चाय पीते हैं."

सातव्या दिवशी अँटिबायोटिकचा क्रम पूर्ण झाला. नवव्या दिवशी सकाळी पुन्हा थंडी वाजली. संध्याकाळपर्यंत अकरा वेळा रक्त पडले. दहाव्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये आतडे फुगू लागल्याचे दिसले. डॉक्टरबाई खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या. एरवी त्या उभ्यानेच बोलत.

"गुरुजी, नीट ऐका. जिवाणूवरचं औषध पूर्ण झालं आहे. तो मेला असेल, तर हा तुमचा मूळ आजार उसळला आहे आणि स्टेरॉइडला दाद देत नाही. मग इन्फ्लिक्सिमॅब नावाचं इंजेक्शन द्यावं लागेल. टीएनएफ नावाचा एक मोठा निरोप आहे, तो ते अडवतं. त्यानंही आवरलं नाही, तर मोठं आतडं काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. नागपूरच्या सर्जनांशी मी बोलून ठेवलं आहे."

आतडे काढल्यानंतर पोटावर छिद्र ठेवून तेथे पिशवी लावतात, हेही त्यांनी सांगितले. अनेक लोक तशा स्थितीत उत्तम जगतात, असेही सांगितले. मी ऐकत होतो. मंदिरात पुन्हा बसता येईल का, एवढाच विचार माझ्या मनात होता.

"माझी अडचण वेगळी आहे," त्या पुढे म्हणाल्या. "घरात चोर शिरला की कुत्रा भुंकतो, ते चांगलंच. चोर गेल्यावरही भुंकत राहिला, तर तो तुमचा आजार. चोर गेलाय अशी माझी खात्री असेल, तर मी कुत्र्याचं तोंड बांधीन. पण चोर अजून आत असेल आणि मी तोंड बांधलं, तर तो घर साफ करून जाईल. दुसरं कल्चर पाठवलं आहे, पण आतडं थांबायला तयार नाही. म्हणून विचारते. तुम्ही इथं आल्यापासून बाहेरचं काही खाल्लं, प्यायलात का? पाणी, प्रसाद, काहीही?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा नाही म्हणालो. इंजेक्शनच्या संमतिपत्रावर सही केली. क्षयाचे जंतू देहात सुप्त आहेत का, याची तपासणी झाली, कारण निरोप अडवले की असे सुप्त जंतू जागे होऊ शकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची वेळ ठरली.

त्या दिवशी चार वाजता देवराव डबा घेऊन आला. मी विचारले, "सुशीला का आली नाही? काल येणार होती."

"वहिनीचं पोट बिघडून राहिलं होतं ना. तीन दिवस. ताप बी होता. आता बरी आहे, आज भात जेवली. तुले सांगू नको म्हणे, उगाच घोर लावून घेते दादा." त्याने डबा स्टुलावर ठेवला. "माझंही पोट परवा बिघडलं होतं. दोन दिसात आपोआप थांबलं. पावसाचे दिवस होत गा, होतेच असं."

"तू कोणते पाणी पितोस?"

"आपल्या विहिरीचंच. दुसरं कोणतं? काऊन गा दादा, असं काऊन पाहून राहिला?"

मी त्या डब्याकडे पाहत होतो. तेच पाणी सुशीला प्याली, तेच देवराव प्याला. त्यांच्या देहाने आवाहन केले, शत्रू घालवला आणि तीन दिवसांत विसर्जन करून तो मोकळा झाला. तेच पाणी मी रोज दोन कलश पीत होतो. आणि सकाळी दहा वाजता एक स्त्री माझ्या शब्दावर विश्वास ठेवून माझ्या रक्षकांचे तोंड बांधणार होती.

शेहेचाळीस वर्षांचा नियम सांभाळण्यासाठी मी दोन वेळा असत्य बोललो होतो. ज्या नियमाला असत्याचा आधार लागतो तो नियम किती उरला, हे समजण्यास विशेष विद्वत्ता लागत नाही. मी देवरावास म्हटले, "डॉक्टरबाईंना बोलावून आण. डबा येथेच राहू दे."

त्या आल्या. मी सर्व सांगितले. नियम कोणता, पाणी कोठले, किती दिवसांपासून, घरी कोण आजारी पडले. स्वतःचे समर्थन करावे असे ओठांवर येत होते, ते केले नाही.

त्यांनी डब्याचे झाकण उघडून आत पाहिले. मग म्हणाल्या, "गुरुजी, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."

"होय. दोन्ही वेळा मी खोटे बोललो."

"तुमच्या जागी दुसरं कोणी असतं, तर मी विश्वास ठेवला नसता. आणखी एकदा विचारलं असतं." एवढेच बोलून त्यांनी डबा उचलला आणि नर्सच्या हाती प्रयोगशाळेत पाठवला.

शेजारचे व्यापारी उशीवरून मान न उचलता म्हणाले, "बाई, हमसे भी गलती हुई. हमने देखा था, बोला नहीं." त्यांच्याकडे पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपकी चाय भी आज से बंद." त्या दिवशी वॉर्डात कोणी हसले असेल, तर ते तेवढेच.

इंजेक्शन दोन दिवस पुढे ढकलले. स्टेरॉइड तसेच ठेवले. जिवाणूवर दुसरे अँटिबायोटिक सुरू केले. दर सहा तासांनी नाडी आणि पोटाचा घेर मोजला जाई, रोज एक्स-रे होई. आतडे आणखी फुगले तर त्याच दिवशी नागपूरला न्यायचे, हे ठरलेले होते. रुग्णवाहिकेच्या चालकाचा क्रमांक देवरावाने खिशात ठेवला होता.

ते दोन दिवस मी जप केला. आतडे वाचावे असे मागितले नाही, असे म्हणालो तर तेही असत्य ठरेल. मागितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्चरचा अहवाल आला. माझ्या शौचात तोच साल्मोनेला होता. डब्यातील पाण्यातही तोच. म्हणजे चोर गेलाच नव्हता. मी त्याला रोज कलशातून आत घेत होतो. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी रक्त कमी झाले, आणि एक्स-रेमध्ये आतडे मूळ आकाराकडे वळलेले दिसले. इन्फ्लिक्सिमॅब द्यावे लागले नाही. नागपूरच्या सर्जनांना निरोप गेला, की सध्या आवश्यकता नाही.

गावात ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विहिरीचे पाणी तपासणीच्या छोट्या बाटलीत भरून ठेवले. जिवाणू असले तर आतले पाणी काळे पडते. दुसऱ्या दिवशी ते काळे झाले होते. कारण शोधणे कठीण गेले नाही. चैत्रात निदान झाल्यावर मला वारंवार धावावे लागे, म्हणून परसदारी जवळच नवे शौचालय बांधून घेतले होते. त्याचा शोषखड्डा विहिरीपासून दहा पावलांवर होता. जागा मीच दाखवली होती. गवंड्याने विचारले होते, "गुरुजी, विहीर जवळ नाही होत का?" मी म्हणालो होतो, माझ्याने दूर जाववत नाही. उन्हाळ्यात काही झाले नाही. पावसाने जमीन भिजली आणि खड्ड्यातले पाणी झिरपत विहिरीत पोचले.

तो खड्डा आता बुजवला आहे. नवा घराच्या दुसऱ्या अंगास, उताराकडे केला. विहिरीत क्लोरीनचे द्रावण टाकले जाते आणि पिण्याचे पाणी वीस मिनिटे उकळले जाते.

ज्यांना हा आजार आहे त्यांना मी माझ्या अनुभवावरून सांगतो. रक्त पडले तर ते मूळव्याधीचे आहे, असे स्वतः ठरवू नका. प्रत्येक वेळी पोट बिघडले की तो मूळ आजारच उसळला, असेही समजू नका. आधी कल्चर करा. ज्या पाण्याने घरातील इतरांचे पोट दोन दिवस बिघडते, ते आपल्याला शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत नेऊ शकते. आपल्या देहाला थांबणे जमत नाही, म्हणून त्याला डिवचणारे पदार्थ टाळणे हे आपल्यालाच करावे लागते. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने सोडू नका. आणि व्रत, उपवास, काढे, तीर्थ, जे काही असेल ते डॉक्टरांना सांगा. आपली श्रद्धा ते हिरावून घेत नाहीत. त्यांना फक्त ठाऊक असावे लागते.

घरी परतल्यावर मी प्रायश्चित्त घेतले. ते पाण्याच्या नियमासाठी घेतले नाही. असत्यासाठी घेतले. नियम मी देवासमोर विधिपूर्वक परत केला. ज्या गुरूंसमोर तो घेतला होता ते आज नाहीत. असते, तर त्यांनी मला लवकर हाकलून डॉक्टरकडे पाठवले असते, असे मला वाटते.

माघात पुन्हा कोलोनोस्कोपी झाली. अस्तर गुलाबी होते, जुन्या व्रणांच्या जागी फिकट खुणा होत्या. "आतडं तुमचं तुमच्याजवळ राहिलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी त्यांना नमस्कार केला. माझ्याहून वयाने पस्तीस वर्षे लहान असलेल्या व्यक्तीला मी प्रथमच वाकून नमस्कार केला असेन. त्या संकोचल्या आणि औषधाची चिठ्ठी लिहू लागल्या.

रुग्णालयातून घरी आलो तो दिवस मात्र या सर्वांत मला अधिक आठवतो. अंगणात खाटेवर बसलो होतो. सुशीलेने आतून पेला आणला. पाणी तिने उकळले होते, तिनेच गाळले होते आणि तिनेच भरले होते. आमचा विवाह झाल्यापासून मी तिच्या हातून पिण्याचे पाणी कधीही घेतले नव्हते. पाहुण्यांना ती देई, भावाला देई, वाटसरूंना देई. मला देत नसे, आणि याविषयी ती कधी बोललीही नव्हती.

मी पेला घेतला. ती समोरच उभी राहिली. मी अर्धे पाणी प्यालो.

"कसं लागते?" तिने विचारले.

"कोमट आहे."

"एवढं सांगाले एक्केचाळीस वर्षं लागली तुमाले," ती म्हणाली, आणि पेला रिकामा होईपर्यंत तेथून हलली नाही.